कोल्हापूर ते कच्छ दुचाकीवरून : पुणं आणि मुंबई चुकवायची कशी?

पंचगंगाकाठ

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझा मावसभाऊ, दोघं दोन गाड्यांवर कच्छला निघतोय. माझी हिमालयन, त्याची जुनी बुलेट. धोळावीरा, खावड्याकडचं पांढरं रण, जमलं तर मांडवी, आणि परत. रजा, पैसा आणि घरची परवानगी, तिन्ही मिळालंय. अडलंय रस्त्यापाशी.

नकाशात कोल्हापूर-भूज टाकलं की तो राष्ट्रीय महामार्ग ४८ धरायला सांगतो. पुणं, लोणावळा, पनवेल, ठाणे, घोडबंदर, वसई, मनोर, वापी, सुरत, बडोदा. म्हणजे वाटेतली एकही गर्दी सुटत नाही. त्यात जिथं रस्ता मोकळा तिथं आपल्याला मज्जाव. द्रुतगती मार्गावर दुचाकी नाही, अटल सेतूवर नाही, समृद्धीवर नाही. कात्रजच्या बोगद्यापासून मनोरपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरात सरकायच्या विचारानंच डावं मनगट दुखायला लागलंय.

पहिल्या दिवशी चारशेच्या आसपास किलोमीटर झाले तरी चालतील, घाई नाही. ज्यांनी गाडीवरून उत्तरेकडं मोठा प्रवास केलाय त्यांनी सांगा, ही दोन शहरं तुम्ही वेळ साधून पार करता का सरळ वळसा घालता?

तिकटीवरचा

वळसाबिळसा काय नको. रात्री दोनला महामार्गावरचा तावडे हॉटेलचा चौक सोडायचा. साडेपाच-सहाला नवले पूल, उजाडायला वाकड पार. पुणं चहा टाकायच्या आत तुम्ही तळेगावात. विषय संपला.

ऊसपट्टा

@तिकटीवरचा, तुमचा विषय संपला, गाडीवाल्याचा पण संपायचा. डिसेंबर म्हणजे गाळप ऐन भरात. रात्री दोनला आपल्या बाजूला महामार्गावर कोण असतंय ते एकदा बघून या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी हातभर बाहेर, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला. त्यात ट्रॅक्टरवर गाणी एवढ्या मोठ्यानं की तुमचा हॉर्न त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. समोरनं येणाऱ्या बसचा प्रकाश डोळ्यात गेला की तेवढ्या दोन सेकंदात ती ट्रॉली दिसतच नाही, एकदम अंगावर येते. मी स्वतः शेतकरी आहे, ऊस माझा पण जातो, म्हणून सांगतोय. सीझनमध्ये अंधारात दुचाकी काढू नका. वर कागल-सातारा सहापदरीकरणाची वळणं आहेतच, आज डावीकडनं तर उद्या उजवीकडनं.

तिकटीवरचा

बरं, चारला निघू दे.

ऊसपट्टा

चारला पण ट्रॉली असतीच. कारखाना झोपत नाही मर्दा.

पुणेकर_नाइलाजाने

पुण्याला नावं ठेवून झाली असतील तर थोडं कामाचं बोलतो. बाह्यवळणावर रोज कार्यालयात जातो, त्यामुळे तिथलं घड्याळ पाठ आहे.

सकाळी सातपर्यंत नवले पूल ते वाकड हा पट्टा बऱ्यापैकी वाहता असतो. आठनंतर हिंजवडीकडे जाणाऱ्यांमुळे वारजे, चांदणी चौक, बाणेर, वाकड क्रमाने भरत जातात. दुपारी दोन ते चार पुन्हा जरा श्वास घेता येतो. संध्याकाळी पाचनंतर विचारूच नका. हे झालं सोमवार ते शुक्रवारचं. शनिवारी सकाळी पुणेकर महाबळेश्वर-कोकणाकडे निघतात, म्हणजे गर्दी तुमच्या समोरून येते आणि उत्तरेकडे जाणारी बाजू त्या मानाने मोकळी असते. रविवारी संध्याकाळी तीच गर्दी तुमच्या बाजूने परत येते. तेव्हा निघायचं तर शनिवारी, आणि जाताना रविवारची संध्याकाळ पुण्याच्या आसपास येऊ द्यायची नाही.

दुसरं, कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेले ट्रक तिथे ब्रेक न लागून पुढच्या गाड्यांवर आदळतात. अपघातांच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. दुचाकीवाल्याने त्या उतारावर आरशात बघत राहायचं आणि मागे मोठं वाहन ठेवायचं नाही. पहाटे रस्ता रिकामा असतो म्हणून तो उतार सुरक्षित आहे असं नाही, उलट ट्रक तेव्हाच जोरात असतात.

गंगावेस_गँग

पुण्यातून जाताना मिसळ खाऊ नका, एवढाच माझा सल्ला. बाकी चालू द्या.

पुणेकर_नाइलाजाने

वाटच बघत होतो, कितव्या प्रतिसादाला मिसळ येते याची.

घोडबंदरचा_कैदी

मूळ गाव गडहिंग्लज, सध्या मुक्काम ठाणे. पुण्याला लावलेलं गणित ठाण्याला लावू नका, कारण दोघांची घड्याळं उलटी आहेत.

ठाण्यात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. ही वाहनं कुठे जात नाहीत, शहराच्या वेशीवर उभी राहतात. बंदी उठली की न्हावाशेव्याच्या बंदरातून निघालेले सगळे कंटेनर एका दमात कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बाह्यवळण, भिवंडी आणि घोडबंदरवर सुटतात. म्हणजे रात्री अकराला रस्ता मोकळा मिळेल असं समजून येणारा माणूस गायमुखच्या चढावर दोन कंटेनरच्या मधे सापडतो. पुढे वसई ते मनोर आहेच.

अगदी इकडूनच यायचं असेल तर जुन्या महामार्गाने लोणावळा, शिंग्रोबाच्या घाटाने खोपोली, मग कर्जत, मुरबाड, शहापूर, वाडा, मनोर. अरुंद रस्ता आहे, गावं खूप आहेत, पण पनवेल आणि ठाणे दोन्ही सुटतात. नकाशाच्या ॲपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडायला विसरू नका. तो नसेल तर ॲप तुम्हाला बिनधास्त द्रुतगतीच्या तोंडाशी नेऊन उभं करतं, आणि तिथून मागे वळायला जागा नसते.

समुद्रवेडा

मी म्हणतो कोकणातून का नाही? आंबा घाट उतरा, सागरी मार्ग धरा, दाभोळची फेरीबोट, दिघी-आगरदांड्याची फेरीबोट, अलिबाग, मांडव्याहून रो-रो. गाडी बोटीत, तुम्ही डेकवर. ट्रॅफिक शून्य!

घोडबंदरचा_कैदी

आणि रो-रो सोडते कुठं? भाऊच्या धक्क्याला. मुंबई टाळायला निघालेला माणूस थेट मुंबईच्या पोटात.

समुद्रवेडा

पण डेकवरून दिसतं छान.

रानवाटा

मूळ धाग्यावर येतो. पुणं वेळ साधून पार करायची गरजच नाही, कारण तुम्हाला मुंबईला जायचं नाही. कच्छला जायला नाशिक-सापुतारा बाजूनं वर चढा. मुंबई आपोआप सुटते. उरलं पुणं. नाशिकला जायचं म्हणून लोक पुण्यात शिरतात आणि मग चाकणला अडकतात. बाह्यवळण परवडलं पण भर दिवसाचं चाकण नको.

मी नेहमी जातो तो रस्ता असा. साताऱ्यापर्यंत महामार्ग. वाढे फाट्याला तो सोडायचा. वाठार स्टेशन, सालपे घाट, लोणंद, नीरा, मोरगाव, सुपे, आणि चौफुल्याला सोलापूर महामार्ग नुसता ओलांडायचा. पुढं केडगाव, न्हावरे, शिरूर. शिरूरहून टाकळी हाजी, निघोज, अळकुटी, बेल्हे करत आळेफाट्याला पुणे-नाशिक रस्त्यावर या. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव सगळं मागं राहतं. मग संगमनेर, सिन्नर, नाशिक.

किलोमीटरचा फारसा फरक पडत नाही. वेळ कागदावर जास्त दिसतो, कारण ॲप पुण्यातला रस्ता मोकळा धरून हिशोब करतं. आणि थकवा निम्मा. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघून घ्या. पाण्याबरोबर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी कातळात कोरलेले उभे रांजण आहेत. वाट वाकडी करायला लागत नाही, रस्त्यातच आहेत.

गंगावेस_गँग

चौफुल्याला नुसता महामार्ग ओलांडायचा म्हणे. तिथली लावणीची कला केंद्रं माहीत आहेत का? मावसभाऊ कच्छ विसरून तिथंच मुक्काम ठोकायचा.

पंचगंगाकाठ

@गंगावेस_गँग, मावसभाऊ हा धागा वाचतोय. आणि त्याची बायको पण.

@रानवाटा, हे भारी आहे. पण या रस्त्याला पण ऊसच की! बारामती-दौंड-शिरूर म्हणजे कारखान्यांचंच राज्य.

सुमेधा_सांगलीकर

मी हाच रस्ता ॲक्सेस स्कूटरवर केलाय, नाशिकला बहीण असते म्हणून. ऊस आहे, पण दिवसा ट्रॉली लांबून दिसते आणि ओलांडताही येते, त्रास अंधाराचा आहे. तेव्हा अगदी उजाडताना कोल्हापूर सोडा, दहाच्या सुमारास लोणंद, जेवायला शिरूर. मावळतीच्या आत संगमनेर गाठता येतं. नाशिकचा हट्ट धरू नका, सिन्नर घाटापासून पुढं संध्याकाळची गर्दी लागते.

दोन गोष्टी बघून निघा. एक म्हणजे चतुर्थी. मोरगावला त्या दिवशी गाड्यांची रांग देवळापासून रस्त्यापर्यंत येते. दुसरं म्हणजे सोमवती अमावस्या. तेव्हा जेजुरीची गर्दी नीरेपर्यंत जाणवते. कॅलेंडर बघायला दोन मिनिटं लागतात.

आणि बायकांसाठी म्हणून नाही, सगळ्यांसाठीच सांगते, शिरूर-बेल्हे पट्ट्यात स्वच्छतागृह शोधत फिरण्यापेक्षा शिरूरच्या मोठ्या पंपावर सगळं आटपून घ्या.

घाटमाथा

शिरूरवरनं सरळ नगर, राहुरी, मनमाड, धुळे, नवापूर करत सुरत का नाही? रस्ता सरळ आहे.

रानवाटा

@घाटमाथा, सरळ आहे, पण नगर-मनमाड वर्षानुवर्षं खड्ड्यांसाठी बदनाम. शिर्डी आणि शिंगणापूरची गर्दी त्यातच. नाताळच्या सुट्टीत तर शिर्डीच्या बाजूला पण बघू नये.

सवडशास्त्री

एवढं डोकं कशाला? आपल्या छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवरून आठवड्यातून एकदा अहमदाबाद एक्स्प्रेस सुटते. गाड्या पार्सलमध्ये टाका. टाकीतलं पेट्रोल काढायचं, आरसी आणि ओळखपत्राची प्रत द्यायची, पोत्यात गुंडाळून घ्यायची. तुम्ही वरच्या बर्थवर झोपा. अहमदाबादला उतरून किक मारा.

तिकटीवरचा

पोत्यात गुंडाळून बुलेट? त्यापेक्षा मावसभावाला गुंडाळा.

सवडशास्त्री

हसा. पण गाडी त्याच रेल्वेला लागली का हे चढायच्या आधी पार्सल कार्यालयात बघून घ्या. माझी एकदा मागं राहिली होती, आणि मी हेल्मेट हातात घेऊन परक्या शहरात रिक्षानं फिरत होतो. लोकांनी रिक्षात हेल्मेटवाला माणूस पहिल्यांदाच बघितला असावा.

क्लचवायर

उद्यमनगरात गॅरेज आहे, बुलेटवरच आयुष्य गेलं. इथं सगळे रस्त्याचं बोलायलेत, गाडीचं कोण बोलंना.

जुनी बुलेट हवेनं गार होते. हवा मिळते ती गाडी पळाली तर. तासभर पहिल्या-दुसऱ्यात रांगली की इंजिन तापतं, तेल पातळ होतं, क्लच ओढायला लागतो आणि न्यूट्रल काय लागत नाही. मग माणूस सिग्नलला क्लच दाबून धरतो, त्यानं प्लेटा अजून तापतात. गर्दीत बंद पडणाऱ्या बुलेटींचं निम्मं दुखणं हेच. थांबायला लागणार असं दिसलं की गाडी हलती असतानाच न्यूट्रल करून घ्यायचं. उभी राहिल्यावर शोधत बसायचं नाही. दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं तर बंद करा.

दुसरं, क्लचची वायर. नवी घेऊन डिकीत ठेवतात लोक, आणि तुटली की अंधारात टाकी उचलून ओवत बसतात. तसं करू नका. नवी वायर आत्ताच जुन्या वायरीच्या बरोबरीनं हँडलपासून खालपर्यंत ओढून टेपनं बांधून ठेवा, दोन्ही टोकं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. वाटेत तुटली तर फक्त टोकं बदलायची, दहा मिनिटांचं काम. ॲक्सिलेटरच्या वायरीचं पण तसंच.

मागच्या बॅगा दोन्ही बाजूंनी हँडलपेक्षा रुंद होऊ देऊ नका. हँडल निघालं म्हणजे गाडी निघाली या हिशोबानं माणूस फटीत घुसतो आणि बॅग बसला अडकते.

पंचगंगाकाठ

क्लचवायर काका, हे वाचून मावसभाऊ गप्प झालाय. त्याच्या बुलेटचं न्यूट्रल थंड असताना पण लागत नाही.

शहरवादी

मला एक कळत नाही, शहरांची एवढी भीती कशाला? आडरस्त्याला रविवारी दुपारी टायर पंक्चर झालं, ते पण ट्यूबवालं, की काय करणार? बेल्ह्याच्या अलीकडं बुलेटचा माणूस शोधत बसा. पुणे, नाशिक, सुरत इथं सुटा भाग मिळतो, हॉस्पिटल जवळ असतं, हॉटेल मिळतं. मी उलट मुक्काम शहरातच टाकतो, फक्त निघायच्या बाजूला. म्हणजे शहर आदल्या दिवशी दुपारी निवांत पार करायचं आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला झोपायचं. सकाळी उठलं की गर्दी शहराकडं येते आणि आपण शहराबाहेर जातो.

सुमेधा_सांगलीकर

@शहरवादी, मुक्काम पलीकडच्या टोकाला हे पटलं. संगमनेरला राहिलं तर दुसऱ्या दिवशी नाशिक सकाळी आठ-नऊला ऐन गर्दीत लागेल. त्यापेक्षा संगमनेरहून पहाटे फटफटताच निघून नाशिक पार करायचं आणि दिंडोरीला पोहे खायचे. पंक्चरचं म्हणाल तर खेड्यात पंक्चरवाला शहरापेक्षा लवकर सापडतो. बुलेटचे सुटे भाग मात्र नाही मिळत, ते खरं.

नवसारीत_कोल्हापूरकर

नोकरीमुळं इकडं आहे, पुढचं मी सांगतो. नाशिकहून दिंडोरी, वणी, सापुतारा. घाट उतरून वघई. सागाचं जंगल, वळणावळणाचा रस्ता. डिसेंबरात सकाळी धुकं असतं, त्यामुळं सापुताऱ्याला नाष्टा करून ऊन वर आल्यावर उतरा. वघईहून बहुतेक लोक चिखलीला महामार्गावर येतात आणि मग सुरत, अंकलेश्वर, भरूच करत ट्रकांच्या मागं लागतात. ते न करता वघई, उनाई, व्यारा, मांडवी, नेत्रंग, राजपिपळा असं आतून जा. ही मांडवी कच्छची नव्हे, तापीकाठची. राजपिपळ्याहून एकतानगरचा सरदार पटेलांचा पुतळा जवळच आहे, १८२ मीटरचा. उतरला नाहीत तरी लांबून दिसतो.

मग डभोई, बडोदा. बडोदा ते अहमदाबाद द्रुतगती मार्गावर पण दुचाकीला बंदी आहे, आणि अहमदाबादला जायचं कारणच नाही. वासदला डावीकडं वळून तारापूर, वटामण, बगोदरा, लिंबडी, ध्रांगध्रा, हळवद, माळिया. सुरजबारीचा पूल ओलांडला की कच्छ.

एक महत्त्वाचं. जुन्या प्रवासवर्णनांत बडोद्याच्या आधीच पाद्र्याकडून बोरसदला निघायचा जवळचा रस्ता सांगितलेला असतो. त्यावरचा महीसागर नदीवरचा गंभीरा पूल ९ जुलै २०२५ ला कोसळला. जुनं वाचून तिकडं वळू नका, वासदच धरा.

पंचगंगाकाठ

हे मी कागदावर उतरवून टाकीच्या बॅगेत लावणार. घोघा-हजिरा बोटीचं काय? गाडी जाते म्हणतात.

नवसारीत_कोल्हापूरकर

गाडी जाते. पण त्यासाठी सुरतेच्या हजिऱ्याला यायला लागतं, म्हणजे टाळलेलं सुरत परत गळ्यात. आणि घोघा भावनगरकडं, तिथनं कच्छ अजून बरंच लांब. सौराष्ट्र बघायचं असेल तर उत्तम, नाहीतर नको. फेऱ्यांची चौकशी आधी करा, रोज सारख्या नसतात.

तिकटीवरचा

सगळं ऐकलं. तरी मी म्हणतो दोनला निघा.

पुणेकर_नाइलाजाने

परतीचा कुणीच विचार केलेला दिसत नाही. डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे परत येताना तुम्ही १ जानेवारीच्या आसपास याच रस्त्यावर असणार. त्या दिवशी कोरेगाव भीमाला विजयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात आणि पुणे-नगर रस्त्यावरची वाहतूक वळवली जाते. नगरकडून येणारी वाहनं शिरूरहून न्हावरे, केडगाव, चौफुला अशी सोडतात. म्हणजे रानवाटांचा तो निवांत रस्ता त्या दिवशी महामार्ग झालेला असतो. ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी हे दोन दिवस तरी शिरूरच्या उत्तरेला थांबा आणि २ तारखेला उतरा. पोलीस आदल्या दिवशी वाहतूकबदल जाहीर करतात, तो बघूनच निघा.

रानवाटा

हे लक्षातच आलं नव्हतं. बरोबर आहे. मग परतीला नारायणगावात मुक्काम टाका. तमाशाची पंढरी आहे, मावसभावाची चौफुल्याची भरपाई होईल.

पंचगंगाकाठ

त्याची बायको अजून वाचतेय, रानवाटा.

तर सध्या ठरलंय ते असं. शनिवारी उजाडताना निघणार, वाढे फाट्यावरून आत, पहिला मुक्काम संगमनेर. दुसऱ्या दिवशी पहाटे नाशिक पार, मुक्काम राजपिपळा. तिसऱ्या दिवशी वासदमार्गे जमेल तेवढं. परतीला जानेवारीची २ तारीख उजाडल्याशिवाय शिरूरच्या खाली यायचं नाही. मावसभावाला अजून वाटतंय की बाह्यवळणानं गेलो असतो तर पहिल्याच दिवशी नाशिक झालं असतं. त्यावर आमचं घरी भांडण चालू आहे. पांढऱ्या रणाचा परवाना ऑनलाइन काढायचा का तिथं नाक्यावर, ते पण सांगा कुणीतरी.

नवसारीत_कोल्हापूरकर

ऑनलाइन काढून छापील प्रत जवळ ठेवा. भिरंडियाराच्या नाक्यावर पण मिळतो, पण नाताळात तिथं रांग असते. मूळ ओळखपत्र पाहिजे. आणि धोळावीऱ्याकडं जाताना टाकी भरून घ्या, आत पंपांची खात्री धरू नका.

शहरवादी

आणि पंक्चर झालं की माझी आठवण काढा.

क्लचवायर

मावसभावाला म्हणावं बुलेट निघायच्या आठवडाभर आधी आण, आदल्या दिवशी नको. क्लचप्लेटा बदलल्यावर शे-दोनशे किलोमीटर चालवून परत ॲडजस्ट करायला लागतात. आणि सोमवारी येऊ नको, गॅरेज बंद असतंय.